लेबिअलची मागची कड: प्रकल्प नोंदी

12 जून

मॅडमनी प्रकल्पाचा प्रश्न एका वाक्यात मागितला होता. मी बरीच पानं लिहून नेली. त्यांनी मधल्याच एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि म्हणाल्या, "हा प्रश्न. बाकी सगळी प्रस्तावना." ती ओळ अशी: फळमाशीच्या भ्रूणात मध्यांत्राच्या (आतड्याच्या मधल्या भागाच्या) आतल्या थरात लेबिअल हे प्रथिन पुढच्या बाजूला फिकट सुरू होतं, मागे जाताना गडद होत जातं आणि मग एकदम थांबतं. पुढची कड विरत जाणारी, मागची धारदार. असं का?

प्रस्तावना इथे टिपून ठेवते, पुढे सारखी लागणार आहे. भ्रूणातलं मध्यांत्र म्हणजे दोन थर. आत अंतःस्तर, ज्यातून पचनाच्या पेशी होतात. त्याला लगटून बाहेर मध्यस्तर, ज्यातून आतड्याचे स्नायू होतात. मध्यस्तराला आपण शरीरात कुठे आहोत हे हॉक्स जनुकांमुळे (शरीराचा कोणता भाग काय व्हायचा ते ठरवणाऱ्या) कळतं. भ्रूणाच्या शरीराचे ओळीने मोजलेले खंड म्हणजे पॅरासेगमेंट: पॅरासेगमेंट 4 मध्ये सेक्स कॉम्ब्ज रिड्यूस्ड, 5 आणि 6 मध्ये अँटेनापेडिया, 7 मध्ये अल्ट्राबायथोरॅक्स (यापुढे यूबीएक्स), 8 ते 12 मध्ये अबडॉमिनल-ए. यूबीएक्स 7 मध्ये डीपीपी हे जनुक चालू करतं, अबडॉमिनल-ए 8 मध्ये विंगलेस चालू करतं. ही दोन्ही प्रथिनं पेशीबाहेर सोडली जातात, शेजारच्या अंतःस्तरापर्यंत पोचतात आणि तिथे लेबिअल चालू होतं. एका थराने दुसऱ्या थरातलं हॉक्स जनुक जागं करायचं, ही साखळी 1990 मध्ये मारियान बिएन्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवली.

आता अडचण. संकेत एका जागेहून पसरत असेल तर तो दोन्ही बाजूंना सारखाच विरायला हवा. मागे तो का विरत नाही?

15 जून

माशांचे स्टॉक आले. व्हायलींवर चिठ्ठ्या लावल्या, प्रत्येक स्टॉकची एक जोडी 18 अंशांवर राखीव ठेवली. बॅलन्सरबाबत (म्युटंट जनुक पिढ्यान्पिढ्या टिकवणारं, खूण असलेलं गुणसूत्र) प्रयोगशाळेतल्या ताईने वेळीच सुचवलं: म्युटंट भ्रूण ओळखायला लॅकझेड (निळा रंग देणारं जनुक) असलेले बॅलन्सर सर्रास वापरतात, पण पुढे माझा रिपोर्टरही (जनुक कुठे चालू होतं ते रंगाने दाखवणारा) लॅकझेडच असणार. दोन्हीकडे निळा रंग आला तर काय वाचणार? म्हणून सगळीकडे जीएफपीवाले (हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचे) बॅलन्सर. ज्या भ्रूणात जीएफपी नाही तो माझा.

19 जून

अंडी गोळा करणं. फळाच्या रसाच्या आगरवर यीस्टचा लेप. पहिल्या तासाची प्लेट फेकून द्यायची, कारण माद्या फलित अंडी पोटात धरून ठेवतात आणि त्या प्लेटवर कमीजास्त वयाची अंडी एकत्र येतात. लेबिअलसाठी मला अवस्था 14 ते 16 हव्यात, म्हणजे 25 अंशांवर साधारण दहा ते सोळा तास. अवस्था 17 मध्ये क्यूटिकल तयार व्हायला लागलं की अँटिबॉडी आत जात नाही, तेव्हा त्या बाजूला ढिलाई चालणार नाही.

बाकी नेहमीचंच: ब्लीचमध्ये बाहेरचं कवच विरघळवायचं, हेप्टेन आणि फॉर्माल्डिहाइडमध्ये स्थिर करायचं, मिथेनॉल घालून जोरात हलवायचं. आतलं आवरण फुटलेले भ्रूण तळाशी बसतात. तरंगत राहिलेल्यांवर जीव लावायचा नाही.

27 जून

साध्या भ्रूणांचे स्टेनिंग पाहिले. मध्यांत्रावर तीन खाचा पडतात आणि त्यांतून चार कप्पे होतात. मधली खाच सगळ्यांत आधी. लेबिअलचा पट्टा याच मधल्या खाचेच्या परिसरात. पुढची कड पेशीगणिक फिकी होत जाते आणि ती नक्की कुठे संपते हे सांगता येत नाही. मागची कड मात्र कुणालाही दाखवावी अशी: एक पेशी गडद, तिच्या मागची रिकामी.

फ्लुओरेसन्समध्ये बघायचा मोह होता, पण मध्यांत्राच्या पोकळीत पीतक (अंड्यातला बलक) असतं आणि ते स्वतःच चमकतं. म्हणून निदान पहिल्या फेरीला तपकिरी रंगाचं डीएबी बरं. देखणं नाही, पण फसवत नाही.

4 जुलै

डीपीपीचा एस4 अलील (जनुकाचं बदललेलं रूप). हा उपयोगी आहे कारण तो मध्यांत्राच्या मध्यस्तरातला डीपीपी घालवतो. पूर्ण म्युटंट घेतला असता तर भ्रूणाची पाठ-पोट रचनाच कोलमडली असती आणि आतड्याबद्दल काही कळलं नसतं.

अपेक्षेप्रमाणे लेबिअल गायब, मधली खाचही गायब. पण गंमत इथून पुढे. त्याच भ्रूणांमध्ये मध्यस्तरातला यूबीएक्सही मावळतो आणि 8 मधला विंगलेसही. म्हणजे यूबीएक्स डीपीपीला चालू करतं, डीपीपी उलट येऊन यूबीएक्सला टिकवून धरतं, शिवाय शेजारच्या विंगलेसला उभं करतं, आणि विंगलेस परत यूबीएक्सला हात देतं. एक काढलं की सगळेच खाली बसतात.

तात्पर्य असं की "डीपीपी गेलं म्हणून लेबिअल गेलं" हे वाक्य खरं असलं तरी पोकळ आहे. ते डीपीपी थेट न पोचल्यामुळे गेलं की विंगलेस गेल्यामुळे, हे या स्लाइडवरून सांगताच येत नाही. पुस्तकांत एकापुढे एक बाण काढलेले असतात. इथे बाणांनी फेर धरलाय.

13 जुलै

विंगलेसचा तापमान-संवेदी अलील. 18 अंशांच्या आसपास प्रथिन काम करतं, 25 वर करत नाही. सरळ म्युटंट नको, कारण विंगलेस त्याआधी त्वचेचे खंड पाडण्यात गुंतलेला असतो. तो सुरुवातीलाच नसेल तर पुढचं सगळं विस्कटलेलं मिळेल. म्हणून अंडी थंडीत वाढू द्यायची, अंतःस्तराचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग एकमेकांकडे सरकायला लागण्याच्या सुमारास प्लेट 25 वर हलवायची. थंडीत वाढ निम्म्या वेगाने होते, त्यामुळे हलवायची वेळ मध्यरात्रीनंतरच येते. येवो.

निकाल: लेबिअल जेमतेम, बऱ्याच भ्रूणांत जवळपास नाहीच. मधली खाचही नाही. म्हणजे विंगलेस लेबिअलला हवाच आहे.

हे चांगलं की वाईट, कळेना. विंगलेस येतो पॅरासेगमेंट 8 मधून, म्हणजे बरोबर त्या धारदार कडेच्या मागून. मदत करणारा जिथे सर्वांत जास्त आहे तिथेच लेबिअल थांबतं? ताईला विचारलं तर ती म्हणाली, "काढून पाहिलंस, आता ओतून बघ."

20 जुलै

ओतायचा क्रॉस लावलाय. मधल्या वेळात विंगलेसचा मार्ग नीट मांडून घेतला, कारण पाठ केलेला होता, पटलेला नव्हता.

पेशी आर्माडिलो हे प्रथिन सतत बनवते आणि सतत नष्ट करते. ॲक्झिन, एपीसी आणि शॅगी हा कायनेज मिळून त्यावर मोडीत काढण्याची खूण लावतात. तिकडे केंद्रकात टीसीएफ हे प्रथिन डीएनएवर आधीच बसलेलं असतं, आणि एकटं नाही: ग्राउचोला घेऊन. ग्राउचो जनुक बंद ठेवतो. विंगलेस आला, फ्रिझल्ड आणि ॲरो या रिसेप्टरांना चिकटला, की मोडीत काढणारी टोळी थंडावते. आर्माडिलो साठतो, केंद्रकात जातो, टीसीएफला धरतो. त्याच्यासोबत लेगलेस आणि पायगोपस येतात आणि जनुक चालू होतं.

इतके दिवस मी टीसीएफला "चालू करणारा घटक" म्हणत होते. संकेत नसताना तोच बंद ठेवणारा असतो. हँडब्रेक ओढलेल्या गाडीसारखं: विंगलेसचं निम्मं काम ब्रेक सोडण्याचं आहे. डीपीपीचाही तोच घाट. पंट आणि थिकव्हेन्स हे रिसेप्टर मॅड या प्रथिनावर फॉस्फेट लावतात, मॅड मेडीआला घेऊन केंद्रकात जातो, आणि त्याच्या महत्त्वाच्या कामांपैकी एक म्हणजे श्नुरीच्या मदतीने ब्रिंकर या रिप्रेसरचं जनुकच बंद करणं. जिथे डीपीपी पोचत नाही तिथे ब्रिंकर असतो आणि डीपीपीच्या जनुकांवर बसून राहतो.

माणसात मोठ्या आतड्याच्या कर्करोगांपैकी बऱ्याच गाठींची सुरुवात एपीसी हे जनुक निकामी होण्याने होते. म्हणजे विंगलेसचा माणसातला भाऊबंद आलेला नसतानाही पेशीला तो आल्यासारखंच वाटत राहतं. माशीच्या भ्रूणाचं आतडं का बघत बसलीस, या प्रश्नाला घरी द्यायला हे उत्तर बरं आहे.

3 ऑगस्ट

गॅल4-यूएएस क्रॉसचे भ्रूण (गॅल4 जिथे बनतो तिथेच यूएएस जोडलेलं जनुक चालू होतं). 24बी हा चालक सगळ्या मध्यस्तरात गॅल4 बनवतो, त्यामुळे यूएएस-विंगलेस आतड्याच्या पूर्ण लांबीवर वाहतं. विंगलेस लेबिअलला मदत करतो, तर मग पट्टा पसरायला हवा, निदान गडद तरी व्हायला हवा.

पट्टाच नाही. लेबिअल जवळजवळ पुसलं गेलंय.

स्लाइडा अदलाबदल झाल्यात का म्हणून जीएफपी पुन्हा पाहिला, दुसरी तुकडी वेगळ्या दिवशी केली. तेच. विंगलेस काढला तरी लेबिअल जातं, भरमसाठ दिला तरी जातं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मग तुझी कड सापडली की." थोडा विंगलेस चालू करतो, खूप विंगलेस बंद करतो. स्टेफान हॉपलर आणि बिएन्झ यांनी 1995 मध्ये या दोन उंबरठ्यांची मांडणी केली आहे. पॅरासेगमेंट 8 ला अगदी लागून असलेल्या पेशींना विंगलेसचा पूर्ण मारा बसतो, तिथे लेबिअल बंद. थोड्या पुढच्या पेशींना बेताचा मिळतो, शिवाय 7 मधला डीपीपी, तिथे लेबिअल सर्वांत गडद. त्याहून पुढे दोन्ही कमी होत जातात, म्हणून पुढची कड विरते. एकाच संकेताने पट्टा उभा केला आणि त्यानेच त्याची मागची बाजू छाटली.

6 ऑगस्ट

हे ऐकायला सुरेख आहे, पण स्पष्टीकरण नाही. आर्माडिलोला कसं कळतं की आपण आता "खूप" झालो? प्रथिन तेच, टीसीएफ तोच. आज गटाच्या बैठकीत यावरच वेळ गेला.

उत्तराचा सर्वांत पक्का भाग लेबिअलचा नाही, यूबीएक्सचा आहे, हे आधीच नोंदवून ठेवते. यूबीएक्सचा मध्यांत्रातला एन्हान्सर (जनुक कुठे चालू व्हायचं ते ठरवणारा डीएनए), ज्याला यूबीएक्स-बी म्हणतात, तो मध्यस्तरात हेच वागणं दाखवतो: डीपीपी आणि थोड्या विंगलेसने चालू, जास्त विंगलेसने बंद. डीएनएचा हा छोटासा तुकडा आहे आणि त्यात काय काय बसतं ते अक्षर-अक्षर बदलून तपासलं गेलंय.

एक जागा टीसीएफची. ती मोडली की विंगलेसला मिळणारा प्रतिसाद ढासळतो. दुसरी जागा सीआरई, क्रेब कुळातल्या प्रथिनांची आवडती. ती डीपीपीच्या प्रतिसादाला लागते. आणि तिसरी, जी-सीने भरलेली, मॅडची जोडजागा. टीसीएफच्या कुळातली एलईएफ-1 सारखी प्रथिनं एकटी जनुक चालू करू शकत नाहीत. ती डीएनएला जोरात वाकवतात, एलईएफ-1 तर सुमारे 130 अंशांतून, आणि त्यामुळे दूर बसलेली प्रथिनं समोरासमोर येतात. म्हणूनच इथे एकटा विंगलेस किंवा एकटा डीपीपी पुरत नाही. दोघांचे निरोप एकाच तुकड्यावर एकत्र आल्याशिवाय यूबीएक्सचा आवाज चढत नाही.

आता बंद होण्याचा भाग. 1998 मध्ये बिएन्झ यांच्याच गटाने जास्त विंगलेसने बंद होण्यासाठी एन्हान्सरमधली कोणती अक्षरं लागतात ते शोधलं, आणि ती टीसीएफच्या जागेत निघाली नाहीत. ती निघाली मॅडच्या जोडजागेत! विंगलेस बंद करतो तो डीपीपीच्या खुर्चीवरून. पुढे 2001 आणि 2002 मध्ये त्या खुर्चीवर दुसरं कोण बसू शकतं तेही कळलं: ब्रिंकर. त्याची आणि मॅडची जागा एकमेकांवर चढलेली आहे, एक असेल तर दुसऱ्याला बसता येत नाही. बसलेला ब्रिंकर टीशर्ट या प्रथिनाला ओढून आणतो (टीशर्टला स्वतःला त्या अक्षरांवर बसता येत नाही), सोबत सीटीबीपी हा सहरिप्रेसर येतो आणि शेजारी बसलेल्या टीसीएफ-आर्माडिलोचं काम दाबलं जातं.

बैठकीत कुणीतरी म्हणालं की मग विंगलेसला चालू करणारा संकेत म्हणायचं की बंद करणारा? मला वाटतं प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातोय. विंगलेस फक्त पोचतो. त्याचा अर्थ त्या तुकड्यावर कोणती अक्षरं किती जवळ लिहिली आहेत आणि त्या क्षणी तिथे कोण बसलंय, यावर ठरतो. याच भ्रूणाच्या त्वचेत विंगलेस वेगळी जनुकं चालू करतो. मार्ग तोच, फक्त वाचणारे तुकडे वेगळे.

17 ऑगस्ट

यूबीएक्स-बीच्या रिपोर्टर माशा. साधा तुकडा: पॅरासेगमेंट 7 भोवती निळा पट्टा, मध्यस्तरात, अपेक्षेप्रमाणे. टीसीएफची जागा मोडलेला तुकडा: पट्टा फिका. रिप्रेशनची (ब्रिंकर बसतो ती) जागा मोडलेला: पट्टा पसरलेला. तिन्ही एकाच दिवशी, एकाच एक्स-गालच्या (लॅकझेड असेल तिथे निळं होणारं रसायन) बाटलीतून, एकाच वेळी थांबवलेले. नाहीतर "फिका" या शब्दाला काही किंमत नाही. एक्स-गालचा रंग वेळेनुसार साठत जातो, रात्रभर ठेवला तर फिकाही गडद दिसतो.

30 ऑगस्ट

ब्रिंकर एक्स गुणसूत्रावर आहे, त्यामुळे बॅलन्सर एफएम7, आणि म्युटंट म्हणजे जीएफपी नसलेले नर भ्रूण. पिढीचा हिशेब वहीच्या मागच्या पानावर आहे.

ब्रिंकर नसलेल्या भ्रूणांत साधा रिपोर्टरही पसरला. जागा मोडून जे दिसलं तेच बसणारा काढूनही दिसतं, म्हणजे दोन्ही धागे एकाच गाठीला जातात. लेबिअलचा अंतःस्तरातला एन्हान्सर याच पद्धतीने वाचतो का हे यावरून सिद्ध होत नाही. त्यातही सीआरईची जागा लागते हे माहीत आहे, आणि लेबिअल स्वतःच्या एन्हान्सरवर बसून स्वतःला टिकवतं हेही. मॅडमचं मत असं की ही स्वतःला टिकवण्याची सवयच कड धारदार करत असणार: उंबरठ्याच्या थोडं वर असलेली पेशी स्वतःला ढकलून पूर्ण वर नेते, थोडी खाली असलेली घसरून शून्यावर जाते. मला पटतं, पण पुढची कड मग विरलेली का राहते? ती स्वतःला का ढकलत नाही? यावर मॅडम हसल्या आणि "लिहून ठेव" म्हणाल्या. लिहून ठेवलं.

11 सप्टेंबर

अळ्या. इथवर जे रंगवलं त्याचा पुढे उपयोग काय होतो ते पाहायचं होतं. कॉपर सल्फेट मिसळलेल्या खाद्यावर वाढवलेल्या अळीचं आतडं काढून अतिनील प्रकाशात धरलं की मधल्या भागातल्या कॉपर पेशी नारिंगी चमकतात. या पेशी आम्ल सोडतात. खाद्यात ब्रोमोफेनॉल ब्लू घातलं तर आतड्याचा हा टापू पिवळा दिसतो आणि आजूबाजूचा निळा, कारण हा रंग साधारण पीएच 3 च्या खाली पिवळा असतो आणि 4.6 च्या वर निळा. रंगाची एवढी स्पष्ट सीमा भ्रूणातही बघायला मिळाली नव्हती.

कॉपर पेशी होण्यासाठी लेबिअल लागतंच; लेबिअल नसेल तर त्या होत नाहीत, आणि झाल्यानंतरही त्या तशाच राहाव्यात म्हणून ते लागत राहतं. त्यांच्या लगेच मागे मोठ्या चपट्या पेशी, आणि त्यांच्याही मागे लोह साठवणाऱ्या. मोठ्या चपट्या पेशी म्हणजे भ्रूणात ज्यांना विंगलेसचा पूर्ण मारा बसला आणि ज्यांच्यात लेबिअल बंद झालं, त्या. तपकिरी स्लाइडवर मी जिला कड म्हणत होते तिच्या एका बाजूला आम्ल तयार होतं, दुसऱ्या बाजूला होत नाही.

18 सप्टेंबर

पुढची कामं. 48वाय हा अंतःस्तराचा चालक मागवलाय. त्याने नेहमी चालू राहणारा आर्माडिलो फक्त अंतःस्तरात द्यायचा, म्हणजे मध्यस्तरातला यूबीएक्स-डीपीपी-विंगलेसचा फेर शाबूत राहील आणि लेबिअल गेलंच तर ते थेट अंतःस्तरातल्या वाचनामुळे गेलं असं म्हणता येईल. 24बीच्या प्रयोगात ही पळवाट उघडी राहते: तिथे विंगलेसने मध्यस्तरातला यूबीएक्स दाबला असेल, डीपीपी कमी झाला असेल आणि लेबिअल त्या आडमार्गाने गेलं असेल. तोवर 24बीच्या जुन्या तुकड्यांतल्या भ्रूणांवर डीपीपीचा इन सिटू (जनुकाचा आरएनए कुठे आहे ते दाखवणारं स्टेनिंग) करून घेते. प्रोब ताईकडे आहे, सोमवारी देते म्हणाली.